गोष्ट दोन्ही घरांची

झाकलेल्या बैलगाडीतून पश्चिमेला निघालेलं कुटुंब, वाटेतली नदी, आजारपण, शेवटी आपल्या हातांनी उभारलेलं घर. अशा गोष्टींवर अमेरिकेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ १९३५ साली आलं. त्यातलं घर उभं राहिलं ती जमीन ओसेज लोकांची होती. तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचं एक वाक्य पहिल्या आवृत्तीत होतं. वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ साली ते बदललं. पुढे १९९९ मध्ये लुईझ अर्ड्रिक यांनी ‘द बर्चबार्क हाउस’मध्ये एकोणिसावं शतक एका ओजिब्वे मुलीच्या घरातून दाखवलं.

कुठलीच जागा रिकामी नसते, हे तारापूरजवळच्या किनाऱ्यावर, आमच्या दांडी गावात राहणाऱ्याला लवकर उमगतं. आमच्या पश्चिमेला जमीन संपते आणि समुद्र सुरू होतो. परक्या नजरेला तो मोकळा दिसतो. पण डोल जाळी लावण्याच्या ठरलेल्या जागा, म्हणजे ‘कवी’, गावागावांत वाटलेल्या असतात आणि त्यांवरून भांडणंही होतात. जिथे समुद्रसुद्धा बेवारस नाही, तिथे जमीन कशी असेल?

नव्या मुलखात घर वसवण्याच्या अशा बालकादंबऱ्यांना मराठीत विषयांची वाण नाही. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’त बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात आलेली कुळं आहेत. पारशांच्या संजाण बंदरावरच्या आगमनाची कथा ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये आहे. या लोकांचं धाडस मुलांना कळायलाच हवं. मात्र रानातल्या, किनाऱ्यावरच्या मुलांनी या पाहुण्यांकडे कसं पाहिलं असेल, हेही लेखकानं तितक्याच मायेनं उभं करायला हवं. त्याशिवाय ती गोष्ट अर्धीच राहते.

आणि जुन्या काळातच कशाला जायचं? तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. बोईसरच्या कारखान्यांत कामाला दूरदूरची कुटुंबं आली. एकाच वर्गात घर सोडावं लागलेल्यांची आणि घर शोधत आलेल्यांची नातवंडं शेजारी बसतात. त्यांच्या हाती द्यायला एकही पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

शिक्षकांनी मुलांना आजी-आजोबांकडे पाठवावं, ऐकलेलं लिहून घ्यावं. लेखकांनी त्यातून कादंबरी घडवावी. आलेल्याचं आणि आधीपासून असलेल्याचं, अशी दोन्ही घरं तिच्यात असू द्या.