कोठीची चावी कोणाकडे?



उत्सव जवळ आला की आपण आधी एक गोष्ट ठरवतो, कोठीची चावी कोणाकडे द्यायची. तेव्हा आपण सर्वांत लाडकं माणूस शोधत नाही. ज्याचा हिशोब चोख, जो पंगतीत आपल्या घरच्यांना जास्त वाढणार नाही, ज्याला वेळेला 'नाही' म्हणता येतं, त्याच्याकडे चावी जाते. आणि कोणाला त्याचं वाईटही वाटत नाही. मग घरच्या बाबतीत हे आपण का विसरतो?

यंदा आम्ही उभयतांनी मृत्युपत्र करायला घेतलं. बडोद्यातलं घर, थोड्या एफडी, लॉकरमधले दागिने, एवढंच. वाटणी पटकन ठरली, मुलगा आणि मुलगी दोघांना सारखं. अडलो ते वकीलसाहेबांच्या प्रश्नावर, "एक्झिक्युटर कोण?" म्हणजे आपल्या मागे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा माणूस. आम्ही सवयीने मुलाचं नाव सांगून आलो.

रात्री झोप लागेना. मुलगा सोन्यासारखा, पण भारी भिडस्त. कागद सापडत नाहीत, कोणी मागितलं की देऊन मोकळा. लेकीची वही मात्र रुपया न रुपयाची. आणि हे काम नुसतं वाटून टाकण्याचं नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात क्रम आहे. आधी अंत्यसंस्काराचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग देणी, आणि सगळ्यात शेवटी वाटणी. आपल्या नावावर कोणाचं देणं राहू नये, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो.

शेवटी लेकीचं नाव घालायचं ठरवलं. ज्याला वाटा मिळणार आहे त्यालाही एक्झिक्युटर करता येतं. पण नाव घातलं म्हणून काम घेतलंच पाहिजे असं नाही, तो माणूस नकार देऊ शकतो. म्हणून आधी तिला विचारलं. ती "हो" म्हणाली. मग दोघांना एकत्र बसवून सांगितलं.

मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

काळजात चर्र झालं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना भरताची आठवण झाली. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षं त्याने राज्य सांभाळलं, स्वतः नंदिग्रामात राहिला. राज्य हातात होतं, पण आपलं मानलं नाही. दशरथाचा जीव रामावर होता, म्हणून भरतावर माया नव्हती असं कोण म्हणेल? माया सगळ्यांवर सारखी असू शकते, कामं मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावाची असतात. मुलाला आम्ही एवढंच म्हटलं, "आजारपणात उशाशी तूच हवास. हिशोब तिला करू दे."

तो पूर्ण निवळला असं नाही सांगणार. अजून थोडा रुसलेला आहे. पण आपण हयात असताना आलेला रुसवा आपल्याला काढता येतो. आपल्या मागे कागद उघडल्यावर येणारा रुसवा काढायला आपण नसतो, आणि तो भावंडांच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहतो. आम्हाला वाटतं, एक्झिक्युटर निवडण्याइतकंच हे तोंडावर सांगणंही आपलं कर्तव्य आहे.

ज्यांनी अजून मृत्युपत्र केलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. आपल्या वयाच्या माणसाऐवजी तरुण माणूस बघावा, जोडीला दुसरं नावही द्यावं. सही दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्यांच्याही सह्या घ्याव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मूळ प्रत कुठे ठेवली आहे ते एक्झिक्युटरला माहीत हवं.

घर, दागिने, पैसा, सगळं आपल्याकडे सांभाळायलाच दिलेलं. कोठीची चावी आज आपल्या कमरेला आहे इतकंच. ती देताना हात थरथरू नये, आणि घेणाऱ्याच्या मनात किंतू राहू नये, एवढी कृपा असावी.

श्रीगुरुचरणी समर्पित.