विंचवाचं बिऱ्हाड

"या म्हातारीचं आता काय करायचं?"

सकाळी चहाच्या टेबलावर सौ.नं हा प्रश्न टाकला आणि माझ्या हातून बशीत चहा सांडला. माझी आई जाऊन पंधरा वर्षं झाली, तिची आई जाऊन आठ. घरात उरलेली तिसरी म्हातारी म्हणावी अशी व्यक्ती प्रश्न विचारणारी स्वतःच होती. पण चाळीसेक वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलो आहे, की असली शंका मनात आली तरी ओठांवर येऊ देऊ नये. तेवढ्यात तिनं हनुवटीनं खिडकीबाहेर खूण केली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हातारी म्हणजे आमची गाडी.

गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही. म्हातारपणी कुणाची अब्रू चव्हाट्यावर आणू नये. 2008 साली घेतलेली, डिझेलवर चालणारी, लांबोडक्या पाठीची गाडी. आजवर एक लाख अठ्ठेचाळीस हजार मैल धावली. त्यातले निम्मे मैल ती एकटी धावलेली नाही. तिच्या पाठीमागं आमची कॅरॅव्हॅन होती.

कॅरॅव्हॅन हा काय प्रकार आहे, हे कराडकडच्या माझ्या भावांना मी 1980 साली इंग्लंडात आल्यापासून समजावतो आहे. चाकांवरची खोली. आत दोन पलंग, शेगडी, भांडी घासायची मोरी आणि एक चिमुकला संडास. इंजिन नाही. गाडीच्या मागं एक लोखंडी गोळा असतो, त्यावर कॅरॅव्हॅननं मान टेकवायची आणि गाडीनं ओढत न्यायचं. थोरल्या भावानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे घरचं घर सोडून, घर घेऊन, दुसरीकडं घरातच ऱ्हायला जायचं?" विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते आम्ही बँकेचं कर्ज काढून घेतलं, एवढाच फरक.

या बिऱ्हाडाचं एक शास्त्र आहे. भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावं, असं जाणते लोक सांगतात. हा कायदा नव्हे, शहाणपणा. ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं हलकं असावं, एवढाच त्याचा अर्थ. संसारात हा नियम कुणी पाळल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण रस्त्यावर आम्ही पाळतो. गाडी सोळाशे किलोची. कॅरॅव्हॅन रिकामी अकराशेची, आणि सौ.नं कुकर, पोळपाट, भाजणी आणि 'असू दे, लागलं तर' या सदरातल्या वस्तू भरल्यावर तेराशेची. मोटरवेवर ताशी साठ मैलांच्या वर जायचं नाही आणि तीन पदरी रस्त्यावर सर्वांत उजव्या पदरात शिरायचं नाही, हा मात्र कायदा. या दोन्ही गोष्टी माझ्या स्वभावाला इतक्या जुळतात की कॅरॅव्हॅन नसती तरी मी असाच गेलो असतो.

आता म्हातारीचा प्रश्न का निघाला? गेल्या सप्टेंबरात आम्ही लेस्टरहून स्कॉटलंडला निघालो होतो. एम 6 वर शॅपचा चढ आहे. तो गाडीनं धापा टाकत चढला. पलीकडं उतारावर एक मोठा ट्रक आमच्या बाजूनं पुढं गेला आणि त्याच्या वाऱ्यानं मागची कॅरॅव्हॅन डोलायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग शेपूट गाडीला हलवू लागली. इथं याला स्नेकिंग म्हणतात. सापासारखी चाल. त्या अर्ध्या मिनिटात मला पांडुरंगापासून विमा एजंटापर्यंत सगळे आठवले. शेवटी बिऱ्हाड आपणहून शांत झालं. पुढच्या थांब्यावर उतरलो तेव्हा माझ्या हातातला कागदी कप कॅरॅव्हॅनपेक्षा जास्त हलत होता.

"मागचे शॉक ॲब्सॉर्बर गेलेत," मी म्हणालो. "म्हातारी झाली गाडी." सौ. काही बोलली नाही. घरी आल्यावर हेच वाक्य मी शेजाऱ्याला सांगितलं, मुलाला फोनवर सांगितलं, मंडळाच्या गणपतीत बावीस जणांना सांगितलं. सगळ्यांचं एकच मत पडलं: गाडी बदला.

मुलाचं मत वेगळ्या कारणानं तेच होतं. तो लंडनला असतो. 2023 च्या ऑगस्टपासून तिथं सगळ्या शहराला धुराचा नियम लागू झाला. आमच्यासारख्या जुन्या डिझेल गाडीनं शहरात पाऊल टाकलं, की त्या दिवसाचे साडेबारा पौंड. तो म्हणाला, "बाबा, तू इलेक्ट्रिक घे." त्याच्या मराठीत सगळं जग 'तू' असतं. मी म्हणालो, मागं कॅरॅव्हॅन लावली की इलेक्ट्रिक गाडीचा पल्ला निम्म्यावर येतो. चार्जिंगला थांबलं, की बऱ्याच ठिकाणी आधी बिऱ्हाड सोडून बाजूला ठेवावं लागतं. शिवाय नवी गाडी बनवताना धूर निघतोच की! फक्त तो आपल्या नाकाखाली निघत नाही. त्यानं शांतपणे सांगितलं, की बनवताना निघालेला जास्तीचा धूर इलेक्ट्रिक गाडी पुढच्या काही वर्षांत भरून काढते. "आणि बाबा, तुझा धूर इथं माझ्या मुलीच्या नाकाखाली निघतो." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. फक्त रेल्वेचं ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड होतं.

मग गाडी घेऊन पाजीकडं गेलो. पाजी आमचा मेकॅनिक. त्यानं गाडी वर उचलली, खालून विजेरी फिरवली आणि हिशेब सांगितला. क्लच संपत आला आहे, टायमिंग बेल्ट बदलायला हवा, सगळं मिळून अकराशे पौंड. गाडी विकली तर नऊशे येतील. म्हणजे रोग्यापेक्षा औषध महाग.

"आणि शॉक ॲब्सॉर्बर?" मी विचारलं.

"ते मी गेल्याच वर्षी नवे घातले. ठणठणीत आहेत."

एवढं बोलून पाजीनं माझ्याकडं पाहिलं, आणि पुढं काही न विचारता माझ्यासाठी चहा मागवला.

घरी येताना मी तत्त्वज्ञानाचा आधार घेतला. माणूस अडचणीत सापडला की एक तर देवाकडं जातो नाही तर तत्त्वज्ञानाकडं. देवाकडं शॅपच्या उतारावर जाऊन आलो होतो. मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षूंची पाली ग्रंथातली गोष्ट आठवली. हा मिलिंद म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रीक राजा मिनँडर. नागसेनांनी त्याला विचारलं, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे काय? दांडी? आस? चाकं? की जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग रथ आहे तरी कुठं? या सगळ्यांना मिळून आपण व्यवहारात दिलेलं ते एक नाव, एवढंच निघालं. म्हटलं, छान! आमच्या गाडीचा टर्बो बदलला, एक्झॉस्ट बदलला, शॉक ॲब्सॉर्बर बदलले. आता क्लच बदलणार. मग अठरा वर्षांची म्हातारी म्हणजे नक्की कोण? आणि बदलायचं ते काय?

तेवढ्यात उत्तर सुचलं आणि मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. त्या गाडीतला 2008 पासून न बदललेला एक महत्त्वाचा भाग स्टिअरिंगच्या मागं बसला होता.

त्या दिवशी उतारावर काय झालं ते आता सांगतो. कॅरॅव्हॅन डोलू लागली, की ब्रेक मारायचा नसतो. ॲक्सिलरेटरवरून पाय हलकेच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. हे मला तीस वर्षं पाठ आहे, मी नवशिक्यांना शिकवलेलंही आहे. त्या दिवशी मी घाबरलो आणि ब्रेक मारला. त्याआधी ट्रक आरशात दिसायला हवा होता, तो दिसला नव्हता. दोन्ही चुका माझ्या. गाडीनं त्या अर्ध्या मिनिटात मला सांभाळलं, आणि थांब्यावर उतरल्याबरोबर मी तिच्यावर आळ घेतला. मुकी होती, ऐकून घेतलं.

लोखंडावर आळ घेतला तर नीतीचा कोणता नियम मोडतो, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला तेच विचारलं, आणि आठवला पाखऱ्या.

पाखऱ्या आमचा बैल. मी बारा वर्षांचा असेन. वडील रात्री ऊस घेऊन गुऱ्हाळाकडं चालले होते आणि गाडी ओढ्यात उलटली. सकाळी चावडीवर माणसं जमली. पाखऱ्या थकलाय, पाय घसरला, आता बाजार दाखवा, असं जो तो सांगू लागला. बेंदराला ज्याच्या शिंगांना रंग लावला, ज्याला पुरणपोळी चारली, त्याच्याबद्दल! वडील सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बैल न्हाई घसरला. माझा डोळा लागला हुता. त्येला इकून माझी झोप उडणार हाय व्हय?"

चावडी गप्प झाली. पण गोष्ट तिथं संपली नाही. पाखऱ्या थकला होता हे खोटं नव्हतं, आणि वडिलांनाही ते दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला उसाच्या गाडीला जुंपलं नाही. हलकी कामं तेवढी दिली. आणि स्वतः रात्रीच्या खेपा बंद केल्या.

घरी पोचलो आणि सौ.ला सगळं सांगून टाकलं. पाजीचा अहवाल, ट्रक, ब्रेक. तिनं भाजी निवडता निवडता ऐकलं.

"अहो, मला तेव्हाच कळलं होतं. मी शेजारीच बसले होते ना! माझ्या बाजूला नसलेला ब्रेक मीसुद्धा दाबत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बावीस जणांना सांगून झाल्यावर बोलणार होते. थकलात की."

या देशात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी नावाची परीक्षा असते. ब्रेक, दिवे, टायर, धूर, सगळं तपासतात. चालवणाऱ्याचं तसं नाही. सत्तरीला लायसन्स संपतं, मग दर तीन वर्षांनी एक फॉर्म भरायचा. आपण ठीक आहोत, वीस मीटरवरची नंबरप्लेट आपल्याला वाचता येते, असं आपणच लिहून द्यायचं. माझा फॉर्म यंदा येणार आहे. परीक्षार्थी मी आणि परीक्षकही मीच, अशी परीक्षा मला कॉलेजात मिळाली असती तर मी कुठल्या कुठं गेलो असतो!

आम्ही ठरवलं ते असं. क्लच आणि पट्टा बदलायचा. गाडी ठेवायची, पण पुढच्या एमओटीपर्यंत. मग पुन्हा विचार करायचा, आणि तेव्हा ती जाईल तर तिच्या दोषानं जाईल, माझ्या नव्हे. लंडनला आगगाडीनं जायचं. आणि कॅरॅव्हॅन यापुढं ओढायची नाही. वेल्समध्ये बारमथजवळ समुद्राकाठी वर्षाच्या भाड्यानं जागा घ्यायची, बिऱ्हाड तिथंच ठेवायचं आणि आपण हलक्या गाडीनं जाऊन राहून यायचं. फॉर्म भरण्याआधी मी डोळे तपासून घेतले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे.

मार्चमध्ये शेवटची खेप केली. ताशी पन्नास मैलांच्या वर गेलो नाही. मागं रांग लागली तेव्हा दोनदा बाजूला थांबून लोकांना जाऊ दिलं. बारमथला पोचून मी हँडल फिरवत गेलो आणि कॅरॅव्हॅनची मान गोळ्यावरून सुटली. तशी गाडीची पाठ दोन बोटं वर उठली. स्प्रिंगवरचा भार गेला की ती उठतेच. तीस वर्षं मी हे पाहत आलो आहे. पण त्या दिवशी मानेवरचं जू काढल्यावर पाखऱ्या कसा मान ताणून उभा राहायचा ते आठवलं आणि मी तिथंच घुटमळलो. गाडीच्या पाठीवर हातही फिरवला असावा.

"झालं का तुमचं?" आतून आवाज आला. "चहा ठेवलाय. आणि येताना तो कुकर उचलून आणा. वाकताना जपून. तुमची एमओटी आता मी करणार आहे."

"पास का?"

"पास. पण कंबर, उजवा डोळा आणि तोंड, या तिघांवर लक्ष ठेवायचं म्हणून लिहून ठेवलंय."