पायरीपासून चरणांपर्यंत

भाविकहो, श्रीक्षेत्र पंढरपूर हे अवघ्या वारकऱ्यांचे माहेर. भीमा नदी येथे चंद्रकोरीप्रमाणे वळण घेते म्हणून ती चंद्रभागा. तिच्या वाळवंटात भक्त पुंडलिकाचे मंदिर आहे. आईवडिलांच्या सेवेत रमलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवास उभे राहण्यासाठी वीट दिली आणि देव कर कटेवर ठेवून तिच्यावर उभा राहिला. म्हणून चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन आणि नंतर श्रीविठ्ठल, असा येथील परिपाठ आहे. ज्याने घरच्या वृद्धांकडे पाठ फिरवली, त्याची वारी पुंडलिकापाशीच अडते, हे ध्यानात असावे.

आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या येथील चार यात्रा. आषाढी-कार्तिकीच्या काळात देवाचा पलंग काढला जातो. काकडा व शेजारती बंद होते आणि दर्शन अहोरात्र सुरू राहते. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजेने देवाचा शीण उतरवतात. दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहून ज्यांचे पाय दुखतात, त्यांनी आठवावे की पलीकडे तोही आपल्यासाठी उभाच आहे. वाट पाहणे दोन्ही बाजूंनी चालले आहे.

महाद्वाराशी संत नामदेवांची पायरी आहे. देवाशी लडिवाळ हितगुज करणाऱ्या या भक्ताने गाभाऱ्यातील जागा मागितली नाही. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्याने पायरी होणे पत्करले. तिच्यासमोरच संत चोखोबांची समाधी आहे. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांना मरण आले. त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या खुणेने नामदेवांनी त्या ओळखून येथे आणल्या, अशी श्रद्धा आहे. ज्यांना हयातीत उंबरठा ओलांडता आला नाही, ते महाद्वारासमोर विसावले. त्यांच्या बांधवांसाठी मंदिराचे दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, आणि दार उघडले.

या घटनांचा विचार करताच चरणस्पर्शाचा अर्थ उमगतो. येथे कोणताही भाविक प्रत्यक्ष श्रींच्या चरणांवर मस्तक ठेवू शकतो. परंतु त्या चरणांशी ठेवलेले मस्तक बारीतील शेजाऱ्याला जात विचारत असेल, तर ते अद्याप टेकलेले नाही. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, ते समोरच्यात तोच विठ्ठल पाहून.

दानशूर भक्तांनाही हेच सांगणे. अन्नदान व सेवाकार्य आपल्या उदार हातांवरच चालते. मात्र देताना नामदेवांची पायरी डोळ्यांसमोर असावी. आपले नाव शिळेवर सर्वांहून वर कोरले जावे, ही इच्छा मनात उठली तर स्मरावे की सातशे वर्षांच्या सुमारास ज्याचे नाव टिकून आहे, त्याने सर्वांत खालची जागा मागितली होती.

तेव्हा परतताना प्रसाद व बुक्का न्यावाच, आणि सोबत एक निश्चयही न्यावा. घरच्या वडीलधाऱ्यांना पुंडलिकाचा वेळ द्यावा. आपल्या दाराबाहेर कोणी चोखोबा तिष्ठत नाही ना, हे पाहावे. चंद्रभागेचे पात्र निर्मळ राखून तिचा निरोप घ्यावा. एवढे घडले तर वारी पांडुरंगचरणी रुजू झाली.

॥ राम कृष्ण हरी ॥