रिकाम्या पिशवीची किंमत

प्लास्टिक कमी करण्याचा विषय निघाला की बोलणे हमखास कापडी पिशवीपाशी येऊन थांबते. कापडी पिशवी न्यावीच, त्याबद्दल वाद नाही. पण घरातली कचऱ्याची बादली एकदा उपडी करून पाहावी. भाजीवाल्याने दिलेल्या पिशव्या त्यात थोड्या असतात. बाकी सगळे दुधाचे, तेलाचे, डाळीचे, बिस्किटांचे, शाम्पूचे वेष्टन. वस्तू घेताना ते आपण मागितलेले नसते आणि नाकारताही येत नाही. म्हणून ‘मी काय वापरू’ याइतकाच ‘रिकामे झालेले परत कुठे जाणार’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

दुधाचेच घ्या. आरे वसाहत 1951 साली सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षे मुंबईकरांनी दूध काचेच्या बाटलीतून घेतले. सकाळी केंद्रावर रिकाम्या बाटल्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. बाटली डेअरीची होती, दूध तेवढे आपले. तिथे धुतलेली बाटली पुन्हा कुणाच्या तरी दारात जायची. पिशवी आली तेव्हा तिच्या बाजूने खरी कारणे होती. ती हलकी, फुटत नाही, धुवायला गरम पाणी लागत नाही आणि दूरच्या गावापर्यंत स्वस्तात दूध पोहोचवते. ती कारणे आजही खोटी नाहीत. फक्त एक गोष्ट कुणी ठरवलीच नाही. दुधाबरोबर भांडेही आपल्या गळ्यात पडले, आणि त्याचे पुढे काय करायचे याची जबाबदारी कुणाच्याच नावावर लागली नाही.

महाराष्ट्रात ती लावण्याचा प्रयत्न झाला होता. 23 मार्च 2018 च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सूट होती, पण अट घालून: पिशवी 50 मायक्रॉनपेक्षा जाड हवी, ती परत विकत घेण्याची व्यवस्था हवी आणि तिच्यावर परतीची किंमत, निदान 50 पैसे, छापलेली हवी. त्या सबंध अधिसूचनेतले सर्वांत शहाणे कलम मला हेच वाटते. जून 2019 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले की राज्यात रोज सुमारे 1 कोटी दुधाच्या पिशव्यांचा कचरा होतो, आणि 50 पैसे अनामतीची योजना लवकरच सुरू होईल. आज रिकाम्या पिशव्या घेऊन गेल्यावर पैसे हातावर ठेवणारा एकही दुकानदार मला माहीत नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो 5,000 रुपयांचा दंड, आणि त्याची धास्ती सर्वांत जास्त घेतली ती हातगाडीवाल्याने, टोपलीत कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या बाईने. मोठ्यांच्या वाट्याचे कलम कागदावर राहिले. हे मला अन्यायाचे वाटते, आणि ते स्पष्ट म्हणायला हवे.

किंमत असली की वस्तू रस्त्यावर पडून राहत नाही, हे कचरावेचक बायांइतके कुणाला ठाऊक नसेल. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. कुठले प्लास्टिक भंगारात जाते आणि कुठले नाही, हे या बाया हात लावून सांगतात. दुधाची पिशवी एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते. धुऊन वाळवलेली असली तर किलोवर विकली जाते. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून कुणी उचलत नाही. शाम्पूच्या पुडीचेही तेच. 1 जुलै 2022 च्या देशव्यापी बंदीत स्ट्रॉ आली, प्लास्टिकचे चमचे आले. ही पुडी सुटली. आणि दुधाची पिशवी फोडताना आपण जो कोपरा कापून टाकतो, तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. चीर द्यावी, पण कोपरा पिशवीलाच राहू द्यावा.

‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य मला पटत नाही. गॅसचा रिकामा सिलिंडर कुणी उकिरड्यावर टाकलेला पाहिला आहे? 20 लिटरचा पाण्याचा जार घराघरातून परत जातोच ना? त्यात अनामत अडकलेली असते आणि परत नेणारा माणूस दारात येतो. निलगिरीत फुटक्या दारूच्या बाटल्यांनी हत्तींचे पाय चिरत होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2022 साली तिथल्या सरकारी दारू दुकानांनी बाटलीमागे 10 रुपये जादा घ्यायला आणि रिकामी बाटली आणली की ते परत द्यायला सुरुवात केली. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. माणसे तीच होती, जंगल तेच होते.

दुधाच्या बाबतीत तर नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. पहाटे टेम्पो येतो, दुकानासमोर क्रेट उतरवतो आणि आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट मोजून घेऊन जातो. एखादा कमी भरला तर दुकानदाराला जाब विचारला जातो, कारण क्रेटला डेअरीच्या लेखी किंमत आहे. जाताना ते क्रेट रिकामेच असतात. धुतलेल्या पिशव्यांचे गठ्ठे त्यांतून डेअरीपर्यंत सहज जातील. दुकानदाराला त्याच्या कष्टाचे दोन पैसे मिळावेत, गिऱ्हाइकाला त्याचे 50 पैसे. आणि ज्या पिशव्या तरीही रस्त्यावर येतील, त्यांचे 50 पैसे उचलणारीला मिळावेत. 2018 च्या अधिसूचनेत यातले बरेचसे लिहिलेले आहे. ती अट पाळली का, हे डेअऱ्यांना आणि सरकारला आपण दूध घेणाऱ्यांनीच विचारायचे आहे, दुकानात, सोसायटीच्या सभेत, नगरसेवकाच्या दारात, आणि उत्तर मिळेपर्यंत.