एका पत्त्याची दोन नावं

एनएस-2 हे नाव आजच्या मुलांच्या कानावर आलेलं नसतं. 2000 नंतरची काही वर्षं मात्र आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एम.ई.च्या कितीतरी प्रबंधांचा तो पाया होता. संगणकांचं जाळं प्रत्यक्ष न उभारता त्यातली रहदारी, गर्दी, हरवलेली पॅकेट्स हे सगळं एकाच मशीनवर घडवून बघायचं ते साधन. मी नांदेडला ते शिकवत असे, आणि त्याच काळात आमच्या वाचनमंडळात ‘अमृतानुभव’ चालू होता. जीव आणि ईश्वर एक की दोन, हा प्रश्न लोक मठात नाहीतर ग्रंथालयात सोडवतात. मला तो लॅबमध्ये, हात लावून तपासता येईल अशा रूपात भेटला. तिथे तो जेवढा उलगडला तेवढा कुठल्याही भाष्यात मला उलगडला नव्हता.

एनएस-2 दोन भाषांत लिहिलेला आहे. पॅकेट पुढे ढकलणं, पोच आली का बघणं, वेळ मोजणं ही कामं असंख्य वेळा करायची असतात, म्हणून ती सी प्लस प्लसमध्ये. हा कोड वेगवान, पण एक ओळ बदलली तरी पुन्हा कंपाइल करायला लावणारा. किती संगणक, कुठली तार किती क्षमतेची, कोण कोणाला कधी पाठवणार, हे प्रयोगागणिक बदलतं, म्हणून ते ओटीसीएल या स्क्रिप्टमध्ये. ओटीसीएल म्हणजे टीसीएललाच ऑब्जेक्टची जोड. जॉन औस्टरहाउट यांनी 1988 च्या सुमारास बर्कलीला टीसीएल करायला घेतली ती याच विचाराने, की जड काम कंपाइल केलेल्या कोडने करावं आणि त्याची जुळणी एका हलक्या भाषेत सांगता यावी.

आता टीसीपीचा, म्हणजे पॅकेट्स खात्रीने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचा, पाठवणारा एजंट घ्या. पोच न आलेली किती पॅकेट्स एका वेळी वाटेत असू द्यायची, याचा एक आकडा तो बाळगतो. त्याला कंजेशन विंडो म्हणतात. सुरुवातीची धाव संपली की दर पोचेला हा आकडा ‘एक भागिले स्वतः’ एवढा वाढतो, म्हणजे दहा असेल तर एक दशांश. पॅकेट हरवलं की तो एकदम खाली येतो. हे वाढवणं-घटवणं सी प्लस प्लसचं काम. पण स्क्रिप्टलाही तो आकडा हवा असतो, कधी आलेख काढायला, कधी हात घालून बदलायला. दोन्हीकडे एकेक प्रत ठेवावी तर थोड्याच वेळात दोन प्रती दोन गोष्टी सांगू लागतात.

एनएस-2 मध्ये यावरचा उपाय म्हणजे बाइंड. सी प्लस प्लसमधली वस्तू जन्माला येताना तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये बाइंडला दोन गोष्टी द्यायच्या, स्क्रिप्टमधलं नाव आणि मेमरीतला पत्ता. तेवढ्याने त्या नावावर पहारा बसतो. स्क्रिप्टने नाव वाचायला घेतलं की वाचण्याच्या अगदी आधी पहारेकरी त्या पत्त्यावर जातो, त्या क्षणी तिथे जे असेल ते आणून नावात ठेवतो, आणि मग वाचन होतं. स्क्रिप्टने नावात काही लिहिलं की तेच पत्त्यावर पोचतं. साध्या टीसीएलमध्येही सी भाषेसाठी अशी सोय आहे, तिचं नाव टीसीएल-लिंकव्हार.

हे शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारलं, “मॅडम, पण मधल्या वेळात कोणी वाचलंच नाही तर स्क्रिप्टमधल्या नावात काय असतं?”

“मागच्या वेळी जे आणून ठेवलं होतं ते.”

“म्हणजे शिळं?”

“हो. पण ते शिळं तुला कधीच दिसणार नाही. बघायला गेलीस की ताजं झालेलं असतं.”

“मग शिळं होतं हे तरी कोणी बघितलं?”

तिचा हा प्रश्न वेदान्तात फार जुना आहे. सोळाव्या शतकातल्या प्रकाशानंदांनी ‘वेदान्तसिद्धान्तमुक्तावली’त मांडलेला दृष्टिसृष्टिवाद हेच म्हणतो, की बघणं आणि निर्माण होणं ही दोन कामं नाहीत; बघितलं जात नाही तोवर वस्तू आहे असं म्हणायला आधार नाही. वेदान्तातलं हे फार टोकाचं मत आहे, आणि बरेच अभ्यासक त्याला हात जोडून पुढे जातात. पण बांधलेल्या व्हेरिएबलच्या बाबतीत, स्क्रिप्टच्या बाजूने पाहिलं, तर ते शब्दशः खरं आहे. वाचन हीच त्या किमतीची उत्पत्ती. दुसऱ्या बाजूला, पत्त्यावर, आकडा वाढतोच आहे, कोणी बघो न बघो. टीके हे टीसीएलचं पडद्यावर खिडक्या काढायचं साधन वापरून खिडकीत एक लेबल केलं आणि ते लिंक केलेल्या नावाला जोडलं, तर सी कोडने आकडा बदलल्यावरही लेबल जुनाच आकडा दाखवत बसतं. नाव कोणी वाचलेलंच नसतं, त्यामुळे पहारेकरी उठलेला नसतो. त्यासाठी सी कोडमधून टीसीएल-अपडेटलिंक्डव्हार हे वेगळं फंक्शन बोलवावं लागतं. न बघितलेल्या जगाचं काय होतं, या प्रश्नाचा असा परिणाम पडद्यावर दिसल्यावर तो निव्वळ वादासाठीचा वाद आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग नाव आणि पत्ता एकच वस्तू आहेत का? छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, जीव आणि ब्रह्म यांचं ऐक्य नऊ वेळा सांगतो. ते कसं समजून घ्यायचं यासाठी वेदान्त्यांनी एक साधं वाक्य निवडलं: ‘तो हा देवदत्त’. सदानंदाच्या ‘वेदान्तसारा’त हे सविस्तर आहे. तेव्हा तिथे पाहिलेला तो, आता इथे उभा असलेला हा. ‘तेव्हाचा’ आणि ‘आताचा’ ही विशेषणं एकमेकांत बसत नाहीत, म्हणून दोन्हीकडची विशेषणं टाकायची, उरतो तो एकच माणूस. बाइंडलाही हे चपखल बसतं. स्क्रिप्टकडे आहे ती अक्षरांची माळ, नाव आणि पहारा. पत्त्यावर आहे एक डबल, म्हणजे दशांश आकडा, आठ बाइट्सचा, बिननावाचा. तारेची क्षमता स्क्रिप्टमध्ये 1.5 मेगाबिट म्हणून लिहा, 1500 किलोबिट म्हणून लिहा, की 0.1875 मेगाबाइट म्हणून लिहा. पत्त्यावर पंधरा लाख हाच आकडा जाऊन बसतो. लिहिणाऱ्याची बोली तिथवर पोचत नाही. दोन्हीकडचं टाकून द्या, उरते ती किंमत, आणि ती एकच आहे.

मी हे मंडळात उत्साहाने मांडलं. आमच्यात एक माध्व गृहस्थ येत असत, बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणत असे. ते म्हणाले, “ताई, तेच आठ बाइट्स डबल म्हणून न वाचता पूर्णांक म्हणून वाचा, काय मिळतं?”

“एकोणीस अंकी भलताच आकडा.”

“मग तुम्ही विशेषणं टाकलीत कुठे? डबल असणं हे विशेषण ठेवलंत म्हणून तर पंधरा लाख मिळाले. सगळं टाकलं की उरतात ते नुसते बिट्स, त्यांना काही अर्थ नाही.”

हा आक्षेप खरा आहे. लिंक करताना पत्त्यावरच्या वस्तूचा प्रकार सांगावाच लागतो, आणि तो चुकीचा सांगितला तर टीसीएल निमूटपणे कचरा वाचून देतं. निर्गुण म्हणजे सगळे गुण झटकलेलं, एवढीच व्याख्या केली तर हाती काहीच येत नाही, हे काकांनी मला आठ बाइट्समध्ये दाखवलं. पुढे त्यांनी स्वतःची बाजूही मांडली. लिंक करताना ती फक्त वाचण्यापुरती ठेवता येते. मग स्क्रिप्टने लिहायचा प्रयत्न केला की टीसीएल एरर देतं आणि मूळची किंमत जागेवर ठेवतं. मध्वाचार्यांनी तत्त्वाचे दोन भाग केले, स्वतंत्र आणि परतंत्र. परतंत्र असणं म्हणजे खोटं असणं नव्हे. नावाला दिसतं ते खरंच असतं, फक्त त्याची सत्ता दुसऱ्याकडे असते. काकांचं म्हणणं, बांधलेलं व्हेरिएबल हे द्वैताचंच उदाहरण आहे, तुम्ही उगीच त्याला अद्वैतात ओढताय.

त्यांच्या बोलण्यावर मी बराच काळ विचार केला आहे. एक की दोन याचा निकाल लावण्याआधी, ते एक आहेत हे कळतं कोणाला, हे विचारायला हवं असं मला वाटतं. पत्त्यावरच्या साध्या डबलला काहीच माहीत नसतं. आपल्याला एक नाव आहे, कोणीतरी ते वाचतं, याची त्याच्यात कुठेही नोंद नाही. सी प्लस प्लसचा कोड त्यात एक दशांश मिळवतो आणि पुढे जातो. सगळी जाणीव, सगळा पहारा, सगळी धावपळ नावाच्या बाजूला. ऐक्य आहे, पण त्या ऐक्याचा अनुभव घ्यायची सोय ज्याला आपण दुसरे आहोत हे ठाऊक आहे त्याच्याकडेच आहे. नाव गेलं तर किंमत राहील, ऐक्य मात्र राहणार नाही, कारण ऐक्य कोणाशी, हा प्रश्नच उरणार नाही.

म्हणून मोक्ष नको, पुन्हा जन्म दे, पण भजन करू दे, असं मागणारे आमचे संत मला तत्त्वज्ञानात कमी पडलेले वाटत नाहीत. लोक त्यांना भावनेची माणसं म्हणून बाजूला काढतात आणि ‘खरं’ अद्वैत दुसरीकडे शोधतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त, आठशेच्या आसपास ओव्यांत, अद्वैत शेवटपर्यंत नेलं आणि तिथे पोचल्यावर भक्ती सोडली नाही. उलट, ज्ञान झाल्यावर जी सहज घडते ती अकृत्रिम भक्ती, असं ते सांगतात. शिव आणि शक्ती या जोडप्यापासून ग्रंथ सुरू होतो. एकच वस्तू, पण जोडपं. आमच्या वाचनात बहुतेकांना हे काव्य वाटे. मला ते अत्यंत काटेकोर विधान वाटतं.

टीसीएलच्या लिंकमध्ये एक गोष्ट आहे, जी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. स्क्रिप्टने ते नाव पुसून टाकलं, अनसेट केलं, तर टीसीएल ते तिथल्या तिथे पुन्हा निर्माण करतं, पहाऱ्यासकट. सी कोडने स्वतःहून लिंक सोडली, किंवा अख्खा इंटरप्रीटरच मिटला, तरच ते कायमचं जाऊ शकतं. नावाने स्वतःच स्वतःला पुसून मूळ वस्तूत विरून जायचं ठरवलं, तर ते होत नाही. आपल्या बाजूने ‘मी’ संपवण्याचा आग्रह धरणाऱ्या साधनेबद्दल मला जी शंका आहे, ती यात मला नेमकी दिसते.

काकांनी यावर विचारलं, “पण बांधलं कोणी? नाव नाही, पत्ताही नाही, म्हणजे तिसरा कोणीतरी आला.” त्यांना तो तिसरा ईश्वर म्हणून हवा होता. प्रोग्रामर तिसरा आहेच, ते मी नाकारत नाही. पण बाइंड कुठे लिहिलेलं असतं तेही बघायला हवं. ते बाहेरच्या कुठल्या फाईलमध्ये नसतं. सी प्लस प्लसच्या वस्तूच्या स्वतःच्या कन्स्ट्रक्टरमध्ये असतं. स्क्रिप्ट ‘नवीन एजंट दे’ म्हणते, तेव्हा ती वस्तू जन्माला येते, आणि जन्मतानाच आपला पत्ता स्क्रिप्टच्या नावाला देऊन टाकते. हाक एका बाजूची, स्वाधीन होणं दुसऱ्या बाजूचं.

आणि पहिली किंमत कुठून येते? ती मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. वस्तू जन्मते तेव्हा बांधलेल्या व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत स्क्रिप्टकडून येते. एनएस-2 सोबत या सुरुवातीच्या किमतींची एक मोठी स्क्रिप्ट फाईल असते. त्यात टीसीपीच्या कमाल विंडोपुढे 20 लिहिलेलं आहे. ते वीस तिथून पत्त्यावर जातात. नंतर कितीही वेळा किंमत पत्त्याकडून नावाकडे येवो, सुरुवातीची पहिली खेप उलटी असते. पुंडलिकाने वीट फेकली आणि देव त्या विटेवर उभा राहिला, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले. सर्वशक्तिमान देवाने भक्ताने दिलेल्या जागी, भक्ताने दिलेल्या वेळेपर्यंत उभं राहायचं, यात मला पूर्वी फक्त कौतुक दिसायचं. आता त्यात रचना दिसते. ज्याच्याकडे सगळी सत्ता आहे, त्याचं पहिलं रूप ज्याच्याकडे काहीच सत्ता नाही तो ठरवतो, आणि त्यानंतरच पुढचा व्यवहार सुरू होतो.

एखाद्या विद्यार्थ्याने नवा प्रोटोकॉल लिहिला, व्हेरिएबल बाइंड केलं, पण त्याची सुरुवातीची किंमत स्क्रिप्टमध्ये द्यायला विसरला, तर एनएस-2 चालवताच पडद्यावर एक इशारा येतो, की या नावाची किंमत त्या वस्तूच्या क्लासमध्ये सापडली नाही. प्रॅक्टिकलला तो इशारा इतक्यांदा दिसायचा की मुलं त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जात. मी त्यांना थांबवत असे आणि फाईल उघडून ती एक ओळ लिहायला लावत असे. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “वीट मागतंय ते.” द्वैत-अद्वैताबद्दल आमचं तेव्हा एकमत झालं नाही, अजूनही नाही. त्या ओळीबद्दल मात्र आमच्यात कधी वाद झाला नाही.