देह हाही गुरू

भाविकहो, चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूतानं यदुराजाला आणखी एक गुरू सांगितला, तो म्हणजे स्वतःचा देह. एकादश स्कंधातली ही गोष्ट आपण घाईनं ओलांडतो. आज तिथंच थांबू.

आपलं भुशीचं धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. धरण तुडुंब असलं तरी नळ घातल्याशिवाय इंजिनाला पाणी कुठलं? काळजाचंही तसंच. त्याच्या चार कप्प्यांतून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त जातं, पण त्याच्या जाड भिंतीला त्यातलं परस्पर मिळत नाही. महाधमनीच्या मुळाशीच दोन बारीक वाहिन्या फुटतात, त्या काळजाला पोसतात. आणि गंमत बघा, ठोक्याला स्नायू आवळतो तेव्हा त्याच्यातल्या वाहिन्याही दाबल्या जातात. डाव्या बाजूला बहुतेक रक्त पोचतं ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. दिवसाला लाखभर ठोके, तितकेच विसावे. मला तर दोन नामांमधला श्वासच आठवतो.

नाडी धावली की हा विसावा आखडतो. वाहिनी आतून अरुंद झालेली असेल, तर छाती दाटते. जयंतीला चढ चढताना असं झालं, तर "महाराज बघतील" म्हणत पुढं रेटू नका. खाली बसा, सोबतच्याला सांगा. उपास आहे म्हणून हृदयाची गोळी चुकवू नका. कशी घ्यायची ते डॉक्टरांना आधीच विचारा. आणि रुग्णवाहिकेचा नंबर १०८, माळेच्या मण्यांइतकाच.