टाइमशीट आणि इब्री १०:२६

आजचं वचन इब्री १०:२६. सत्य कळल्यावरही जाणूनबुजून पाप करत राहिलो तर पुढे यज्ञच उरत नाही, असा आशय. वाचून पोटात गोळा आला. शुक्रवारी मी टाइमशीटमध्ये न केलेले सहा तास भरले, आणि भरतानाच मनात होतं, रात्री प्रार्थनेत क्षमा मागू.

मग मी कृपेतून पडलो का?

आमच्या जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री (बाप्तिस्मा १८४३) स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या परंपरेची शिकवण अशी की देवाने खरोखर धरलेला माणूस घोर पापात पडेल, पण कायमचा सुटणार नाही. वेस्लींचे मेथडिस्ट म्हणतात, विश्वासणारा कृपा सोडूनही देऊ शकतो. मला पहिली बाजू आवडते. सोयीची आहे ना!

पण इथलं ग्रीक रूप 'करत राहणं' सांगतं, एकदा घसरणं नव्हे. पेत्राने तीनदा नाकारलं, शपथ घेऊन. मग बाहेर जाऊन रडला. प्रभूने पुढे त्यालाच मेंढरं सोपवली. पेत्राने आधीच क्षमेचा हिशोब केला नव्हता. मी केला. कृपेला बॅकअप समजलो: बिघडलं की रिस्टोअर.

देव मला सोडेल असं वाटत नाही. पण असे शुक्रवार साठत गेले तर मलाच परत यावंसं वाटणार नाही, ही भीती खरी आहे.

टाइमशीट अजून मंजूर झालेली नाही. सहाचे शून्य केले, मॅनेजरला मेल लिहिलाय. पाठवायचाय अजून. प्रार्थना करा.